शेवटचे चौदा मैल

श्रीवर्धन,
२ फेब्रुवारी १९३६

प्रिय जनी,

तार मिळाली असेल. तारेत फार लिहिता येत नाही, म्हणून 'बरा आहे, काळजी नको' एवढंच कळवलं. ते खरं आहे. हातपाय शाबूत आहेत, ताप उतरला आहे, कालपासून पेज सोडून भात खातो आहे. ओळी वाकड्या दिसतील, काही एकीवर एक चढल्या असतील, त्याला इलाज नाही. डावा डोळा परवापासून फटीएवढा उघडतो आणि त्या फटीतून मी हे लिहितो आहे. डॉक्टर सकाळची फेरी मारून गेले की लिहायला घेतो, कारण त्यांनी पाहिलं तर दौत उचलून नेतील.

शर्यत मी जिंकलो नाही. पुण्याचा एक उंच, हसरा गडी जिंकला. चार दिवस मी पहिला होतो आणि पाचव्या दिवशी नववा आलो. नाही, दहावा. आठव्या आणि दहाव्याच्या मधला नववा कोण, ते सांगायलाच तर बसलो आहे. सहा दिवस या खाटेवर पडून मी तेच पुन्हा पुन्हा पाहतो आहे, आणि गंमत अशी की त्यातलं डोळ्यांनी मी काहीच पाहिलेलं नाही.

या शर्यतीचं रूप तुला नीट सांगितलंच नव्हतं. आत्तापर्यंतच्या माझ्या शर्यती म्हणजे सकाळी सुटायचं आणि दुपारी संपायचं. ही पाच दिवसांची. मुंबईच्या सायकलवाल्या दुकानदारांनी मिळून भरवलेली. प्रत्येक दुकानाचे दोन-तीन पगारी स्वार, असे आम्ही सत्तावीस. रोज एक टप्पा, रोजची वेळ घड्याळावर घ्यायची, पाचही दिवसांची बेरीज करायची आणि ज्याची सगळ्यात कमी तो पहिला. धरमतरला आगबोटीतून सायकली उतरल्या आणि तिथून पेण, नागोठणे, रोहा, तळा असे वाटेतल्या गावांना वळसे घालत आम्ही निघालो. शेवटचा टप्पा तळ्याहून माणगाव-म्हसळ्यावरून थेट श्रीवर्धनच्या समुद्रापर्यंत. नियम एकच, पण कडक. आपल्या सायकलवर, आपल्या पायांनी यायचं. एका स्वारानं दुसऱ्याला ढकललं, ओढलं, सायकल चालवताना किंवा पडलेली उचलताना हात जरी लावला तरी दोघंही बाद. हे बघायला एक पंच फटफटीवर बसून आमच्या पुढंमागं असायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, शर्यत या सव्वीस जणांशी आहे. दुसऱ्या दिवशी कळलं, ती रस्त्याशी आहे. तिसऱ्या दिवशी ती कुणाशी आहे तेच कळेनासं झालं. रोह्याच्या पुढं तांबडी धूळ एवढी की कोण पारशी, कोण गोवेकर, कोण आपला आगरी, ओळखू येईना. सगळे एका मातीच्या मडक्यांसारखे. एक गोवेकर पडला, गुडघ्याचं हाड दिसत होतं. त्यानं गुडघा खांद्यावरच्या पंच्यानं बांधला आणि तो पुन्हा सायकलवर चढला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी त्याला जेवायला मध्ये बसवलं. इंदापूरच्या अलीकडं एका म्हातारीनं आम्हाला थांबवून चाकाला कुंकू लावलं. मला नाही, चाकाला. मी हात जोडले तर म्हणाली, मला नको रं, ह्याला कर. हे असं रोज काही ना काही. आपण एवढे लहान आणि आपल्याकडून एवढं मोठं काहीतरी करून घेतलं जातं आहे, असं मला सारखं वाटायचं.

आता जे निघताना तुझ्यापासून लपवलं ते सांगतो. काळूराम या शर्यतीत होता. यादी दुकानात लागली तेव्हाच तुझ्या भावाचं नाव मी वाचलं होतं. लालबागच्या एका दुकानाकडून तो उतरला होता. तुला सांगितलं असतं तर तू रात्र रात्र जागली असतीस, आणि उपयोग काय?

सहा वर्षं झाली. धरमतरच्या धक्क्यावरून आपण दोघं मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो तो दिवस मला अजून दिसतो. काळूराम काठावर येऊन उभा होता. तुझे वडील गेल्यावर घरचा कर्ता तोच. त्यानं रावजींच्या घरी शब्द दिला होता, साखरपुड्याची सुपारी फुटली होती, आणि तू मला सांगून, त्याला न सांगता निघालीस. मला वाटलं शिव्या देईल, दगड मारील. त्यानं काहीच केलं नाही. लाँच सुटेपर्यंत बघत राहिला आणि मग पाठ फिरवली. त्या दिवसापासून तो ना तुझ्याशी बोलला ना माझ्याशी. ज्यानं मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून तुला वाचायला शिकवलं, त्यानं तुझ्या एका पत्राला उत्तर दिलं नाही. मी आणि तो एकाच मिठागरात वाढलो, एकच जुनी सायकल दोघांत घेऊन बांधावर शिकलो, आणि या सहा वर्षांत किती शर्यतींत चाकाला चाक लावून धावलो असू! एकदाही त्याच्या तोंडून माझं नाव निघालं नाही.

या पाच दिवसांत तर आम्ही एकाच छपराखाली निजलो. रोह्याच्या शाळेत त्याची चटई माझ्यापासून चार हातांवर होती. पाण्याचा तांब्या माझ्याकडून त्याच्याकडं गेला, त्याच्याकडून माझ्याकडं आला, पण नजर नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तळ्याला पंचांनी उरलेल्या दहा जणांच्या वेळा वाचल्या. मी पहिला आणि तो दुसरा. आमच्यात तीन मिनिटांचं अंतर. तिसरा पुणेकर आणखी बऱ्याच मागं. सगळ्यांना कळून चुकलं की उद्या ही दोन आगऱ्यांची झुंज आहे.

सोमवारी सकाळी तळ्याहून सुटलो. माणगावपर्यंत घोळका होता. पुढं चढ लागले तसे एकेक गळत गेले आणि म्हसळ्यात शिरलो तेव्हा आम्ही दोघंच पुढं होतो, बाकीचे अर्धा-पाऊण तास मागं. म्हसळा सोडलं की रस्ता पुन्हा डोंगराला लागतो. तिथं काळूरामनं आपली ताकद काढली. जनी, मी त्याचा वैरी म्हणून सांगत नाही, मेहुणा म्हणूनही नाही, सायकलवाला म्हणून सांगतो. तसा चढणारा माणूस मी पाहिला नाही. तो उभा राहून पायडल मारत होता आणि सायकल त्याच्याखाली डुलत होती, पण खांदे जागच्या जागी. जणू डोंगरच खाली सरकतो आहे आणि तो तिथंच आहे. माझ्या छातीचा भाता झाला होता. दहा हात मागं पडलो, मग पन्नास, मग तो वळणाआड गेला. तीन मिनिटं तो सहज भरून काढणार हे मला दिसत होतं. शर्यत त्याची झाली होती. हे नीट लक्षात ठेव. शर्यत त्याची झाली होती.

वळणावर रस्त्यावर ओणवा झालेला एक कडा आहे. त्याखाली आग्या मोहोळ होतं. ते कशानं उठलं कुणास ठाऊक. घारीनं झडप घातली असेल, माकडानं दगड लोटला असेल. मला आधी नुसता आवाज आला, लांबून पाऊस यावा तसा, आणि मग तोंडावर कुणी निखारे फेकले. सायकल कुठं गेली, मी कुठं पडलो, काही कळलं नाही. मी ओरडत होतो, आणि ओरडायला तोंड उघडलं की तोंडात माशा.

कुणीतरी माझा पाय धरून मला फरफटत नेलं आणि पाण्यात लोटलं. बाजूला वहाळ होता, त्यात जानेवारीतही कमरेएवढ्या पाण्याची कोंड राहते. डोक्यावर ओलं कापड पडलं. किती वेळ पाण्यात होतो सांगता येत नाही. घोंघाट कमी झाल्यावर कुणाचीतरी बोटं माझ्या तोंडावरच्या नांग्या उपटू लागली. एक शब्द नाही. फक्त श्वास. त्या श्वासावरून मी ओळखलं. सहा वर्षं शर्यतीत कानाशी ऐकला होता तो.

फटफटी आली. पंचांनी बघितलं आणि म्हणाले, याला साईडकारमध्ये बसवा, शर्यत संपली याची. तोवर माझे डोळे पुरे मिटले होते. पापण्या सुजून लिंबाएवढ्या झाल्या होत्या, बोटांनी ओढूनही उघडेनात. मी खाली बसलो आणि म्हटलं, संपलं. खरंच म्हटलं, जनी. रडायला डोळे नव्हते म्हणून रडलो नाही. तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा काळूराम माझ्याशी बोलला. म्हणाला, "ऊठ. तू बसलास तर मी कोनाला हरवू?"

मी म्हटलं, मला दिसत नाही. तो म्हणाला, "तुला कान हायेत ना?" मग पंचांकडं वळून त्यानं विचारलं, "साहेब, हात लावायला बंदी हाय. बोलायला बंदी हाय का?" पंचांनी वही काढली असावी, पानं उलटल्याचं ऐकू आलं. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, बोलण्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही.

माझी सायकल मीच चाचपडत शोधून उभी केली, कारण तिलाही त्याला हात लावता येत नव्हता. साखळी उतरली होती ती बोटांनी बसवली. श्रीवर्धन तिथून चौदा मैल.

ते चौदा मैल कसे सांगू? तो पुढं, मी मागं, मध्ये एका सायकलीचं अंतर. त्याला बोलत राहणं भाग होतं. तो गप्प झाला की माझ्यापुढं काहीच उरत नव्हतं. पहिला मैल नुसत्या आज्ञा. "डावीकडं. आणखी डावीकडं. खड्डा. गेला. आता उतार हाय, बिरेक धर. सोड. धर." पहिल्या मैलात मी चारदा पडलो. पडलो की तो थांबायचा, "ऊठ" म्हणायचा आणि मी उठून बसलो की पुन्हा सुरू. मग मला हळूहळू शिकता आलं. त्याच्या चाकाखालच्या खडीचा आवाज कळू लागला. खडी वाजायची थांबून मऊ लागलं की माती. अंगावर गार आलं की झाडी, चटका बसला की उघडा माळ. आवाज उजवीकडून आला की वळण उजवीकडं. माणूस कानांनी सायकल चालवू शकतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आज्ञा संपल्यावर त्याला बोलायला काही उरेना, म्हणून त्यानं शिव्या सुरू केल्या. सहा वर्षांच्या साठवलेल्या. मी चोर, मी कपटी, माझा बाप तसा, माझा आजा तसा. एवढ्या मनापासून दिल्या की मला बरं वाटलं. त्या संपल्यावर खाडीतल्या माशांची नावं घेतली, मग पाढे म्हटले. तेही संपल्यावर बहुतेक त्याच्याही नकळत तो गावाच्या गोष्टी सांगू लागला. म्हणजे तुझ्या गावच्या, जनी, सहा वर्षांच्या, एकापाठोपाठ एक, पुढं बघून, माझ्याकडं पाठ करून. कोंडाजीकाका दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. उधाणाला बांधाची उघाडी फुटली आणि अर्धं मिठागर वाहून गेलं, ते त्यानं आणि शेजारच्या सदानं मिळून पुन्हा बांधलं. तुमच्या घरामागची चिंच वाऱ्यानं पडली. तुझी धाकटी बहीण काशी नांदते आहे, तिला मुलगा झाला. आणि रावजींचा तो मुलगा, ज्याच्याशी तुझं ठरलं होतं, त्याला आता तीन पोरं आहेत. गेल्या जत्रेत त्यानंच काळूरामच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, अरे, तू अजून ते धरून बसलायस? "त्यो विसरला," काळूराम म्हणाला. "ज्याचा अपमान झाला त्यो विसरला. मंग मी कोनासाठी गप बसलो होतो?" आणि लगेच, "खड्डा. उजवीकडं."

तेवढ्यात मागून चाकं आली. बाकीचे पोचले होते. आधी पुणेकर. तो आमच्याजवळ आल्यावर मंद झाला, त्याला काय चाललं आहे ते कळायला थोडा वेळ लागला असावा. काळूराम त्याला म्हणाला, "जा की. शर्यत हाय." तो गेला. मग एकेक करून आणखी सात गेले. तो फुटक्या गुडघ्याचा गोवेकरही गेला. प्रत्येक चाक जवळून जाताना मी ऐकत होतो, आणि प्रत्येक चाकाबरोबर काळूरामचं काय जातं आहे ते मला कळत होतं. मी ओरडून म्हटलं, तू जा आता. त्यानं ऐकलंच नाही असं केलं. पुढं ओढ्यावर एक अरुंद लाकडी साकव होता, कठडा नसलेला. खाली उतरून चालत जाऊ का, मी विचारलं. म्हणाला, "चालत गेलास तर पाय हुकंल. सायकलवर सरळ राहशील. माझ्या आवाजावरनं हलू नको." साकवावर तो एकच शब्द म्हणत राहिला, "हितं, हितं, हितं, हितं," आणि मी त्या शब्दाच्या दोरीवरून पलीकडं गेलो. लाकडं खाली खडखडत होती. त्या वेळी मला भीती वाटली नाही. काय वाटलं त्याला शब्द नाही माझ्याजवळ. देवळाच्या गाभाऱ्यात एकटं सापडल्यावर वाटतं, तसं काहीतरी.

साकवापलीकडं त्यानं विचारलं, "ती कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, "मी दोनदा मोऱ्याला आलो. लाँचमधनं उतरून तुमच्या घराच्या वाटंला लागलो आणि मागं फिरलो." मग दोन वळणं सांगून झाल्यावर, "पोर हाय म्हनं." मी म्हटलं, मुलगी. चार वर्षांची. "नाव काय ठेवलंस?"

मी म्हटलं, भागू. भागुबाई.

तुमच्या आईचं नाव ऐकलं आणि तो गप्प झाला. जनी, तो पुरा गप्प झाला. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. आवाज नाही. पुढं नुसता काळोख, त्यात वाराही नाही. माझं चाक रस्त्याच्या कडेवरून गेलं आणि मी करवंदीच्या जाळीत कोसळलो. सगळ्या अंगात काटे घुसले. उठायचा प्रयत्न केला तर सायकल वर. हात लावायची मुभा नव्हती म्हणून तो दोन हात अंतरावर उभा होता, आणि मला त्याचं हुंदके गिळणं ऐकू येत होतं. मग घसा खाकरून म्हणाला, "ऊठ, हिरामण. चूक माझी झाली. आता गप न्हाय बसायचो." सहा वर्षांनी त्यानं माझं नाव घेतलं ते असं, मी करवंदीत पालथा पडलेला असताना.

आता श्रीवर्धनचं सांगतो. पंचांनी फटफटी पुढं काढली होती. वाटेतल्या प्रत्येक वाडीला, प्रत्येक गावाला थांबून ते सांगत गेले की मागून दोघं येतायत, एकाला दिसत नाही, दुसऱ्याच्या आवाजावर येतो आहे, तर कृपा करून कुणी आवाज करू नका. श्रीवर्धनला ताशे होते, लेझीम होतं, शाळेची पोरं होती. पहिले आठ आले तेव्हा केवढा जल्लोष झाला असेल. पण आम्ही सुपारीच्या बागांत शिरलो तेव्हा मला वाटलं, गाव रिकामं आहे. मला बागेची ओल लागली, पाटाचं पाणी ऐकू आलं, वर झावळ्या घासत होत्या. आणि मग ध्यानात आलं की दोन्ही बाजूंना माणसं आहेत. शेकडो. त्यांचा श्वास ऐकू येत होता. एक मूल रडलं आणि कुणीतरी त्याला पटकन पदरात घेतलं, बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. हिंदू, मुसलमान, बागाईतदार, कोळी, सगळा गाव रस्त्याकडेला उभा, आणि त्या सगळ्या गावात बोलणारा एकच माणूस, तुझा भाऊ, तोही घसा बसलेला. "सरळ. सरळ ये. डावीकडं माणसं हायेत, भिऊ नको, ती हलायची न्हाईत." अर्धा मैल असा गेला. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या. त्या शांततेपुढं त्या काहीच नाहीत.

मग समुद्राची गाज आली. काळूराम म्हणाला, "आता रस्ता रुंद हाय. सरळ हाय. खड्डा न्हाय. दोन्हीकडं दोर बांधलाय. दोनशे पावलांवर शेवट." मग म्हणाला, "आता मी तुला हरवतो. येतंस?"

आणि तो सुटला! मी त्याच्या चाकाचा आवाज ऐकला आणि सगळं विसरलो. डोळे, सूज, काटे, सगळं. मीही उठलो आणि पायडलवर उभा राहिलो, आणि त्या काळोखात, जनी, मी जन्मात धावलो नसेन असा धावलो. त्याचा आवाज पुढं, मग शेजारी, मग पुन्हा अर्धं चाक पुढं. त्यानं मला जिंकू दिलं नाही. दया केली नाही. अर्ध्या चाकानं खरोखर हरवलं. पंचांची शिट्टी झाली आणि भरतीला बांध फुटावा तसा गाव फुटला. माझ्या खांद्याला, पाठीला, सायकलला किती हात लागले. त्या गोंगाटात शेजारी वाळूत कुणीतरी धपकन बसल्याचं मला ऐकू आलं. मी तिथं बसलो, हात पुढं केला, आता हात लावायला बंदी नव्हती. त्यानं तो धरला.

तेव्हापासून सहा दिवस तो पुन्हा मुका झाला आहे. लालबागच्या दुकानानं त्याला परत बोलावलं, तो गेला नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसतो. सकाळी शहाळं आणतो, पेज आणतो, वाडगा माझ्या हातात देऊन भिंतीला टेकून बसतो. डॉक्टरांनी माझ्या तोंडातून आणि मानेतून साठाच्या वर नांग्या काढल्या. डावा डोळा पूर्ण येईल म्हणतात. उजवा गेला, जनी. माशी बुबुळातच चावली होती. त्यानं आता उजेड-काळोख एवढंच कळतं. हे तारेत लिहिलं नव्हतं, आणि हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटत होतं. पुढं शर्यतीत उतरेन की नाही, ते बघू. मला त्याचं म्हणावं तसं दुःख होत नाही, हे खरं आहे, तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही.

पण एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. काल मी काळूरामला म्हटलं, तूच जा मोऱ्याला, जनीला सगळं सांग आणि तिला न् भागूला इकडं घेऊन ये. तो म्हणाला, "हात हालवत कसा जाऊ? तू पत्र दे. पत्र नेऊन दिलं की माझं काम झालं." म्हणून हे टपालात न टाकता त्याच्याच हाती देतो आहे. त्यानं दारात येऊन पाकीट तुझ्या हातात दिलं असेल आणि तोंडातून शब्द काढला नसेल. माझं काही बरंवाईट झालं या धास्तीनं तूही त्याच्याकडं न बघता आधी हे फोडलं असशील. आता तो अंगणाच्या कडेला उभा असेल, पाठ करून, बोटीची वेळ झाल्यासारखा. वाचून होईपर्यंत थांब, उत्तर घेऊनच ये, असं मी त्याला बजावलं आहे. तुला माहीत आहे, मी चार ओळींत आटोपणारा माणूस. तीन दिवस एका डोळ्यानं एवढं लांबण लावलं ते एवढ्याचसाठी, की तू वाचत असताना तेवढा वेळ तरी त्याला तुझ्या अंगणात उभं राहावं लागावं. एव्हाना भागू त्याच्यापाशी जाऊन पोचली असेल. माझं सांगून झालं. आता बाहेर जा.

तुझाच,
हिरामण